लिफ्टला कुठलं ऑईल? डबा विकत घेण्याआधी एवढं वाचा

 

आजचा मेसेज लांब आहे. चहाच्या वेळी निवांत वाचा, आणि ट्रॅक्टर दुसरं कोणी चालवत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

चिखलणीला राबलेले ट्रॅक्टर आता रब्बीच्या मशागतीला आणि त्यामागोमाग उसाच्या वाहतुकीला लागणार. गेल्या पंधरा दिवसांत अवजार बँकेकडे दोन सभासदांचे फोन आले. तक्रार दोघांची एकच : लिफ्ट धापा टाकत उचलते, रोटाव्हेटर वर धरून ठेवत नाही, हळूहळू खाली येतो. काडी काढून बघितली तर ऑईल दुधाच्या चहासारखं. दोघांची गावं वेगळी, ट्रॅक्टर वेगळ्या कंपन्यांचे. चौकशी केली तेव्हा एकच समान गोष्ट निघाली. दोघांनीही आपल्याच अवजार बँकेची डंपिंग ट्रॉली नेली होती. ती ट्रॉली पावसाळाभर शेडबाहेर उभी होती आणि पाइपच्या तोंडाला टोपणं नव्हती. पाणी पाइपातून जॅकमध्ये गेलं आणि जॅकमधून या दोघांच्या ट्रॅक्टरमध्ये. चूक आपली, म्हणजे कंपनीची आहे. दोन्ही ट्रॅक्टरच्या ऑईलचा खर्च कंपनी करते आहे.

पण दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये आणखी एक भानगड सापडली. लिफ्ट ढिली पडल्यावर मालकाने दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "ऑईल पातळ झालं असेल, घट्ट टाका," आणि नव्वद नंबरचा पाच लिटरचा डबा हातात दिला. लिफ्ट सुधारली नाहीच, उलट सकाळी चालू केल्यावर पंप ओरडायला लागला. आजचा धडा खरं तर या डब्याबद्दल आहे.

*एकाच टाकीत तीन कामं*

आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, मागचा डिफरन्शियल, ऑईल ब्रेक आणि लिफ्ट हे सगळं एकाच ऑईलवर चालतं. या सगळ्यांच्या गरजा मात्र एकमेकींच्या उलट आहेत. गिअरच्या दातांना घट्ट, दाबाखाली न फाटणारं ऑईल हवं. लिफ्टच्या पंपाला ते पातळ आणि स्वच्छ हवं, कारण पंप ते ओढून दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलोच्या दाबाने पुढे ढकलतो. मागच्या टायरमधला दाब एक-सव्वा किलो असतो, त्यावरून अंदाज करा. आणि ऑईलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटांना तर थोडं घर्षण हवंच. ऑईल फार निसरडं झालं की ब्रेक लागत नाही, फार कोरडं झालं की ब्रेक कचकच करतो, कोकतो, थरथरतो.

या तिन्ही कामांना एकच ऑईल पुरावं म्हणून वेगळं ऑईल बनवतात. डब्यावर "यूटीटीओ" किंवा "युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑईल" लिहिलेलं असतं. दुकानात "वेट ब्रेक ऑईल" म्हटलं तरी कळतं. ऑईल ब्रेकचा आणि एकाच टाकीचा ट्रॅक्टर असेल तर साधारणपणे हेच लागतं. साधारणपणे म्हणतोय, कारण शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा. त्यात ऑईलच्या तक्त्याचं एक पान असतं. त्या पानावरचा कोड आणि डब्याच्या मागच्या बाजूचा कोड जुळला पाहिजे. उदाहरणार्थ, जॉन डिअरच्या ऑईलला जे२०सी असा कोड असतो, मॅसीच्या यादीत एम११४१, एम११४३, एम११४५ असे कोड दिसतात. डब्याच्या पुढच्या बाजूला ट्रॅक्टरचं चित्र आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. चित्र कशावरही छापता येतं.

जुने ट्रॅक्टर वेगळे. कोरडे ब्रेक असलेल्या काही मॉडेलांत कंपनीनेच गिअरपेटीला नव्वद नंबर आणि लिफ्टला वेगळं ऑईल सांगितलेलं असतं. तिथे तेच टाका. महाग ते चांगलं या समजुतीने उगाच बदल करू नका.

*नंबरांचा घोळ*

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. डब्यावरचे नंबर तीन वेगवेगळ्या मापांतले असतात. इंजिन ऑईलचे नंबर एका मापात (२०डब्ल्यू-४०), गिअर ऑईलचे दुसऱ्या मापात (८०, ९०, १४०) आणि हायड्रोलिक ऑईलचे तिसऱ्या मापात (व्हीजी ३२, ४६, ६८). एका मापातला आकडा दुसऱ्या मापातल्या आकड्याशी ताडता येत नाही. शेर आणि लिटर एकत्र मोजल्यासारखं होतं ते. गंमत बघा : इंजिनचं ४० नंबर आणि गिअरचं ९० नंबर ही दोन्ही गरम असताना जवळजवळ सारखीच घट्ट असतात. आकडा दुपटीहून मोठा आहे, ऑईल दुप्पट घट्ट नाही.

हायड्रोलिकचं माप मात्र सरळ आहे. व्हीजी ४६ म्हणजे ४० अंश तापमानाला त्या ऑईलचा घट्टपणा ४६ सेंटिस्टोक, दहा टक्के इकडे-तिकडे. ४० अंश म्हणजे आपली एप्रिल-मेची दुपार. त्याच तापमानाला नव्वद नंबरचं गिअर ऑईल दोनशेच्या आसपास जातं, म्हणजे व्हीजी ४६ च्या चौपट. आता थंडीतल्या सकाळी सहाला ते किती घट्ट होईल याचा विचार करा. पंपाला ते गाळणीतून ओढवत नाही, पंप अर्धपोटी राहतो, आत फुगे तयार होऊन फुटतात आणि धातूचे बारीक टवके उडवतात. तो जो ओरडण्याचा आवाज येतो ना, तो हाच. आठवडाभर तसंच चालवलं तर पंप जाऊ शकतो.

मग नुसतं हायड्रोलिक ऑईल, व्हीजी ६८, टाकलं तर? लिफ्ट छान चालेल. पण त्यात गिअरसाठीची ताकद कमी आणि ब्रेकच्या प्लेटांसाठीचं औषध नसतं. रिकामा ट्रॅक्टर फिरवताना काही कळणार नाही. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना कळेल, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. लोडरची स्वतंत्र टाकी किंवा वेगळा पॉवरपॅक असेल तिथे मात्र व्हीजी ४६ किंवा ६८ हेच योग्य. डब्यावर "अँटी-वेअर" किंवा "एडब्ल्यू" शब्द बघून घ्या.

आणखी तीन गोष्टी पटकन. एक, जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑईल मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय टाकू नका, पितळ-कांस्याच्या सुट्या भागांना ते खातं. दोन, *ब्रेकच्या बाटलीतलं डॉट-३, डॉट-४ हे लिफ्टमध्ये एक थेंबही नको.* ते वेगळ्या जातीचं द्रव आहे, लिफ्टचे सील फुगून मऊ पडतात. तीन, पॉवर स्टेअरिंगची टाकी वेगळी असेल तर तिचं ऑईलही वेगळं असू शकतं.

रंगावरून ऑईल ओळखायला जाऊ नका. रंग कंपनी घालते. लाल, पिवळं, हिरवं, काहीही असू शकतं.

*आतलं ऑईल खराब झालंय का?*

ट्रॅक्टर सपाट जागेवर लावा, लिफ्ट खाली टेकवा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग काडी बघा. ट्रॉली उचललेली असताना पातळी बघितली तर कमीच दिसणार, कारण ऑईल जॅकमध्ये गेलेलं असतं. त्यावर भर घातली की ट्रॉली खाली आल्यावर टाकी तुडुंब होते आणि सील मार खातात. ही चूक फार जण करतात.

थोडं ऑईल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. दुधाळ राहिलं किंवा तळाशी पाणी बसलं तर पाणी गेलेलं आहे. लगेच बघायचं असेल तर पत्रा चांगला तापवून, शेगडीपासून बाजूला घेऊन, लांबूनच एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. चेहरा जवळ नेऊ नका. नुसता फेस दिसत असेल आणि तो थोड्या वेळात बसत असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे : पातळी कमी आहे किंवा पंपाकडे जाणारा पाइप ढिला आहे. जळका वास आणि काळा रंग म्हणजे ऑईल तापून म्हातारं झालं. त्यात नवीन दोन लिटर घालून ते तरुण होत नाही.

दुधाळ ऑईल एकदा काढून भागत नाही, आत कोपऱ्यांत बरंच अडकून राहतं. पाणी जास्त असेल तर नवीन भरून थोडे तास चालवून पुन्हा बदलावं लागतं. आणि आधी वाट शोधा. फाटलेलं गिअर लिव्हरचं रबर, तुटलेला ब्रीदर, पीटीओचा सील, चाकाच्या अॅक्सलचा सील. भातखाचरात केजव्हील लावून बुडवलेल्या ट्रॅक्टरात हे सगळंच तपासायला हवं. वाट बंद न करता ऑईल बदलणं म्हणजे गळक्या घराला रंग देणं.

ऑईल गरम असताना काढा, म्हणजे घाणही निघते. पण हात भाजेल एवढं गरम नको. फिल्टर नवीन, जाळी डिझेलने धुऊन, पुसायला सुताचे धागे सुटणार नाहीत असं फडकं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर चिंता नाही, चमकणारे तुकडे असतील तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. भरल्यावर लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा, पुन्हा काडी बघा. ऑईल किती लिटर लागतं आणि किती तासांनी बदलायचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं. बऱ्याच कंपन्या हजार तासांच्या आसपास सांगतात, पण चिखलात राबणाऱ्याने तेवढं थांबू नये असं आमचं मत.

काढलेलं जुनं ऑईल ओढ्यात, विहिरीजवळ, बांधावर ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून अवजार बँकेत आणून द्या, आपण ते परवानाधारकाकडे पाठवतो.

*हे घरात सगळ्यांना सांगा*

पाइपला टाचणीएवढं भोक पडून बारीक फवारा येत असेल तर ते शोधायला हात फिरवू नका. एवढ्या दाबाचं ऑईल कातडी भेदून आत घुसतं. सुरुवातीला मुंगी चावल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, माणूस काम करत राहतो. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट, कधी पंजा काढावा लागतो. भोक शोधायला पुठ्ठा धरा. कोणाला लागलंच तर हळद लावून घरी बसवू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि "दाबाचं ऑईल कातडीखाली गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगा. आणि उचललेल्या रोटाव्हेटरखाली किंवा ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कोणी जायचं नाही. लिफ्ट धरून ठेवेल हा भरवसा नको.

*आता अवजार बँकेतला बदल*

ट्रॉली आणि पलटी नांगर आपण सगळे आळीपाळीने वापरतो. म्हणजे एकाचं ऑईल दुसऱ्याच्या ट्रॅक्टरात जातंच. म्हणून आजपासून प्रत्येक जॅकच्या अवजाराला टोपणं आणि एक पत्र्याची चिठ्ठी असेल, आत कुठलं ऑईल आहे ते लिहिलेली. तुमच्या ट्रॅक्टरला ते चालत नसेल तर नेण्याआधी सांगा, जॅक रिकामा करून देऊ. जोडण्याआधी कपलरची दोन्ही तोंडं फडक्याने पुसा. परत आणताना जॅक पूर्ण खाली, टोपणं लावलेली. टोपण हरवलं तर लपवू नका, नवीन लावून घेऊ.

ऑईल घ्यायचं असेल तर आधी या नंबरवर तीन फोटो पाठवा : मॅन्युअलमधलं ऑईलचं पान, डब्याची मागची बाजू, आणि काडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर. सोबत मीटरचे तास लिहा. सुटं ऑईल किंवा सील फुटलेला डबा घेऊ नका, बिल घ्या. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल आणि साल कळवा. उत्तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मिळेल.

— आपली कंपनी, अवजार बँक विभाग