घोड्यांचे खेळ पाहायला चला

माथेरानचे घोडे तुम्ही पाहिले असतील. अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात, त्याही पाहिल्या असतील. नवरदेवाला मिरवणारा घोडा तर सगळ्यांच्याच ओळखीचा. पण घोड्यांचे खेळ आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत?

हा धडा त्या खेळांविषयी आहे. ते कसे पाहावे आणि त्यात गंमत कोठे आहे, ते आता वाचू.

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी. अष्टमीत आमचे एक तात्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे. सारा जन्म बैलांबरोबर गेला. तरुणपणी समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यतीत त्यांची गाडी पळत असे. वाचायला मात्र ते आता आता शिकले. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटले,

"तात्या, रविवारी मुंबईला चला. महालक्ष्मीला घोडे पाहू."

तात्या एकदम सावरून बसले. "रेसला? नाय रे बाबा! म्हातारपणी घर बुडवू काय?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. महालक्ष्मीचे मैदान 1883 सालचे. तिथे घोड्यांच्या शर्यती होतात आणि शर्यतीवर लोक पैसे लावतात. पण त्याच मैदानात हौशी घोडेस्वारांचा एक क्लब आहे. त्याचे नाव अमॅच्युअर रायडर्स क्लब. तिथे मुले-माणसे घोड्यावर बसायला शिकतात. त्यांचे सामनेही होतात. या सामन्यांत नुसते पळणे नाही. घोडा आणि स्वार यांचे एकमेकांशी किती जमते, ते पाहायचे असते. हेच खेळ आशियाई सामन्यांत होतात, ऑलिंपिकमध्येही होतात. मुंबईचे इम्तियाज अनीस 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरले होते.

एवढे ऐकल्यावर तात्या म्हणाले, "पैसे लावायचे नसतील तर येतो."

सामने बारमाही नसतात. म्हणून आधी चौकशी केली. मग पहाटे रोह्याहून दिव्याची गाडी धरली. नागोठणे, पेण, पनवेल करीत दिव्याला उतरलो. तिथून लोकलने दादर. दादरला पश्चिम रेल्वेची गाडी घेतली की तिसरे स्टेशन महालक्ष्मी. तुम्ही जाल तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. छत्री नेलीत तर घोड्याजवळ फटकन उघडू नका. घोडा भित्रे जनावर आहे. कितीही मोठा असला तरी फडफडणाऱ्या कापडाला तो बिचकतो.

मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडलेले होते. स्वार मंडळी पायी हिंडत होती. दोन अडथळ्यांच्या मध्ये उभी राहून पावले मोजत होती.

"हे काय करतात? जागा विकत घेणार काय?" तात्यांनी विचारले.

"घोड्याची किती पावले बसतील याचा हिशेब करतात, तात्या. त्यांना वाट आधी पायी पाहायला मिळते. घोड्याला मात्र दाखवत नाहीत."

"म्हणजे घोडा बसणाऱ्याच्या भरवशावर उडी मारणार!"

तात्यांनी खेळाचे मर्म पहिल्या पाच मिनिटांतच पकडले.

नियम साधे आहेत. प्रत्येक अडथळ्याला दोन बाजूंना दोन निशाणे असतात. लाल निशाण उजव्या हाताला, पांढरे डाव्या हाताला ठेवून उडी मारायची. वरची दांडी खोलगट खोबणीत नुसती टेकवलेली असते. घोड्याचा खूर जरा जोराने लागला की ती खाली येते. दांडी पडली की चार गुण दंड. घोडा अडथळ्यापाशी अडला तरी चार गुण दंड. मोठ्या सामन्यांत दुसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला तरी बाद. ज्याला दंड कमी तो पुढे. दोघे बिनदंडाचे निघाले, तर बहुधा त्यांना पुन्हा धाडतात आणि मग घड्याळ पाहतात. ऑलिंपिकमध्ये हे अडथळे पाच फुटांहून उंच असतात.

घंटा झाली. एक घोडा आला. दुडक्या चालीने एक फेरी मारून तो चौखूर निघाला. पहिली उडी, दुसरी, तिसरी. दांडी हलली, पण पडली नाही. लोकांनी श्वास रोखला होता. शेवटची उडी झाली आणि टाळ्या पडल्या. तुम्हीही तोवर थांबा. मध्येच टाळी वाजवली, ओरडलात, तर घोड्याचे चित्त जाते.

मग एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तांबड्या घोड्यावर आली. दोन उड्या छान झाल्या. तिसऱ्या अडथळ्याकडे वळताच तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "हा नाय जाणार."

घोडा खरोखरच अडला! मातीत चारही पाय रोवून उभा राहिला.

"तुम्हाला कसे कळले?"

"कान बघ ना त्याचे. मघाशी दोन्ही कान पुढं होते. म्हणजे उडीकडं लक्ष होतं. आता मागं गेले. बैलाचं पण तसंच असतं. त्याच्या मनात नाय आलं की आधी कानाला कळतं."

मी इतकी पुस्तके वाचली, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्याने जन्मभर जनावर सांभाळले, त्याला हा खेळ निम्मा आधीच येत असतो. शहरातले लोक स्वाराचे कपडे पाहतात, तात्या घोड्याचे कान पाहत होते.

मुलीने घोडा मागे घेतला, पुन्हा आणला. तो पुन्हा अडला. घंटा वाजली. खेळ संपला. तात्या पुढे वाकून पाहू लागले. आता ती घोड्याला झोडपणार, असे त्यांना वाटले असावे. मुलीचे डोळे भरले होते. तिने लगाम सैल सोडला, घोड्याच्या मानेवर दोनदा थोपटले आणि ती बाहेर गेली.

"मारलं नाय," तात्या म्हणाले.

"चाबूक हातात असतो. पण फार मारले तर त्यासाठीच बाद करतात."

तात्या काही बोलले नाहीत.

दुपारी सावलीला बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली. पलीकडे एक लांबट चौकोन आखलेला होता. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद. त्याच्या कडेला पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर एकेक इंग्रजी अक्षर.

"अक्षरं कशाला? घोड्यालाही वर्गात बसवतात काय?"

ती अक्षरे स्वारासाठी असतात. या खेळाचे नाव ड्रेसाज. अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंत साध्या चालीने जा, मग दुडकी धर, इथे थांब, इथे गोल फिर, असा पाठ ठरलेला असतो. मोठ्या सामन्यात स्वाराने तो तोंडपाठ करून यायचे असते. बाजूला पंच बसतात. दर हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. यात उडी नाही, धावपळ नाही. नवख्याला कंटाळा येईल, हे मी कबूल करतो. मलाही पहिल्या दिवशी आला होता. पण स्वाराचे हात पाहा. चांगल्या स्वाराचे हात हललेले दिसत नाहीत आणि घोडा मात्र मनातले ओळखल्यासारखा चालतो.

या खेळात बाई आणि पुरुष यांचे सामने वेगळे नसतात. दोघे एकाच मैदानात, एकाच नियमाने उतरतात. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदा 1952 साली प्रवेश मिळाला. त्या वर्षी हेलसिंकी शहरात डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रुपेरी पदक मिळवले. त्यांना पोलिओ झालेला होता. गुडघ्याखाली पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागे. पण एकदा खोगिरावर बसल्या की घोडा त्यांचे ऐकत असे.

तिसरा खेळ तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी ड्रेसाज. दुसऱ्या दिवशी रानातून, चढउतारावरून, ओढ्या-तळ्यांतून दौड. तिसऱ्या दिवशी दांड्यांच्या उड्या. तिन्ही दिवस घोडा तोच. तिसऱ्या दिवशी सकाळी घोड्याला हाताने धरून पंच आणि ढोरांचे डॉक्टर यांच्यासमोर पळवून दाखवावे लागते. तो लंगडला तर परत धाडतात. मग आदल्या दिवशी तो पहिला असो की शेवटचा.

दिल्लीला 1982 साली आशियाई सामने झाले. तेव्हा या तीन दिवसांच्या खेळात रघुबीर सिंग या आपल्या लष्करातल्या स्वाराने सुवर्णपदक घेतले. संघाचेही सुवर्णपदक आपल्यालाच मिळाले. पॅरिसच्या 2024 सालच्या ऑलिंपिकमध्ये घोड्यांचे खेळ व्हर्साय गावी झाले. तिथे फ्रान्सच्या राजांचा जुना वाडा आहे. त्याच्या बागेतल्या लांबच लांब कालव्याच्या काठाने घोडे दौडले. अशा दौडीच्या दिवशी एका जागी बसून भागत नाही. लोक सकाळी लवकर येतात आणि दोराच्या कडेने मैल-मैल चालतात. घोडा यायच्या आधी शिटी वाजते. शिटी ऐकली की जिथे असाल तिथे थांबायचे, दोर ओलांडायचा नाही. उभे राहायला पाण्याच्या अडथळ्याजवळची जागा उत्तम. घोडा पाण्यात झेपावतो तेव्हा अंगावर तुषार येतात.

संध्याकाळी परतलो. पनवेलनंतर गाडीत बसायला जागा मिळाली. मी तात्यांना आणखी एक हकिकत सांगितली.

चीनमध्ये हांगचौ शहराचे आशियाई सामने 2023 साली झाले. ड्रेसाजमध्ये आपले चौघे होते. अनुष अगरवाल, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि मुंबईचा हृदय छेडा. दोन मुली, दोन मुलगे. 26 सप्टेंबरला त्यांनी संघाचे सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीत आपल्याला सुवर्णपदक मिळाले ते 1982 नंतर एकदम तेव्हा. एकेचाळीस वर्षे मध्ये गेली. मग एकेकट्याचा सामना आला. त्याच्या आधीच्या फेरीत हृदय सगळ्या आशियात पहिला आला होता. त्याच्या घोड्याचे नाव एमराल्ड, म्हणजे पाचू. 28 सप्टेंबरला शेवटची फेरी झाली. त्या फेरीत घोड्याच्या अंगावर रक्त दिसले.

"मग?"

"मग बाद. ड्रेसाजचा नियमच तसा आहे. रक्त दिसले की खेळ संपला. ते कशाने आले, किती आले, याचा वाद नाही."

"पहिला होता म्हणालास ना?"

"आदल्या फेरीत पहिला होता. पदक मिळाले ते अनुषला, कांस्यपदक."

तात्या खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर अंधार पडला होता. पेण येऊन गेले. बऱ्याच वेळाने ते बोलले.

"आमचा एक ढवळा होता. मोठा गुणाचा. एका वर्षी किनाऱ्यावर माझी गाडी पहिली आली. मी पराणी टोचत होतो. किती वेळा, मोजलं नाय. गाडी थांबली तवा त्याच्या पुठ्ठ्यावरनं रक्त गळत होतं. लोक धावत आले. त्यांनी गुलाल उधळला माझ्यावर, बैलावर पण. गुलालात रक्त काय दिसतंय? कोणालाच दिसलं नाय."

"तुम्हाला दिसले."

"मला घरी दिसलं. धुताना."

बैलगाडीच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली होती. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये न्यायालयाने शर्यतींचा कायदा मान्य केला. टोचणी चालत नाही, मारहाण चालत नाही, अशा त्या अटी आहेत. तात्यांना हे सगळे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांचा नातू आता गाडी पळवतो.

नागोठणे गेले. तात्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"पुढचा सामना कधी आहे रे?"

"चौकशी करतो."

"कर. पोराला आणायचा आहे. त्याला म्हणावं, घोड्याचे कान बघ."

रोहे आले. आम्ही उतरलो.