लायब्ररीच्या पोटांतील स्क्रिप्ट

विद्यार्थिमित्रहो, वरच्या वर्गांत तुम्ही पायथनमध्यें चार-दोन ओळी लिहितां व त्या लगेच चालवून पाहतां. चूक आढळली कीं ती ओळ पुसून दुसरी लिहितां. हें काम पाटीवर लिहिण्यासारखें आहे. उलटपक्षीं सी भाषेंतील मजकूर कंपायलरकडून यंत्राच्या भाषेंत उतरवून घेतला, म्हणजे तो शिलालेखासारखा होतो. त्याचा वेग मोठा, परंतु एक अक्षर बदलावयाचें झालें तरी पुन्हां टांकी चालवावी लागते. अशा रीतीनें तयार करून अनेक प्रोग्रामांनीं समाईक वापरावयाच्या भांडारास लायब्ररी म्हणतात. आतां या शिलेच्या पोटांत पाटी बसवितां येईल काय, आणि बसविली तर ती पुसण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हा या पाठाचा विषय आहे. पालकांनींही तो वाचावा. भिण्याजोगें गणित यांत नाहीं.

या प्रश्नाचें एक नामांकित उत्तर ब्राझील देशांतून आलें. रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठाच्या टेकग्राफ या गटांत रोबेर्तु येरुझालिम्स्की, लुइझ एन्रिक द फिगेरेदु व वाल्देमार सेलेस या तिघांनीं १९९३ सालीं लुआ ही भाषा रचिली. १९७७ पासून १९९२ पर्यंत ब्राझील सरकारनें परदेशी संगणक व सॉफ्टवेअर यांवर कडक व्यापारी निर्बंध घातले होते. त्यामुळें हवें तें साधन विकत आणण्याऐवजीं स्वतः घडविण्याकडे तेथील लोकांचा कल होता. पेट्रोब्रास ही तेलकंपनी टेकग्राफचें मोठें गिऱ्हाईक. तिच्या इंजिनिअरांसाठीं माहिती भरण्याचे तक्ते व अहवाल तयार करण्यास डेल व सोल अशा दोन लहान भाषा आधीं झाल्या होत्या. त्यांच्या जागीं एकच समर्थ भाषा असावी म्हणून लुआ जन्मास आली. पोर्तुगीज भाषेंत सोल म्हणजे सूर्य आणि लुआ म्हणजे चंद्र, ही त्यांतली गंमत.

लुआचें वैशिष्ट्य असें कीं, तिचा अर्थ लावणारा दुभाषी, ज्यास इंटरप्रिटर म्हणतात, तो मुळांतच सी भाषेंतील एक लायब्ररी आहे. सुमारें ३० हजार ओळींचा हा संसार कोणत्याही मोठ्या प्रोग्रामाच्या घरीं पाहुण्यासारखा राहूं शकतो. यजमान त्यास हांक मारतो, स्क्रिप्टचा मजकूर हातीं देतो आणि उत्तर परत घेतो. परंतु दोघांची रीत भिन्न. सी भाषेंत अमुक वस्तु संख्या आहे कीं अक्षरमाला, हें आधींच ठरलेलें असतें; लुआंत तें प्रोग्राम चालतांना ठरतें. शिवाय निरुपयोगी झालेल्या वस्तु लुआ आपण होऊन झाडून टाकते. यजमानानें एखादी वस्तु हातांत धरून ठेवावी आणि पाहुण्यानें ती केर समजून फेंकावी, असें झालें तर अनर्थच! म्हणून रचनाकारांनीं दोघांच्या मध्यें ताटांच्या चळतीसारखी एक चळत ठेविली. देणाऱ्यानें वस्तु चळतीवर ठेवावी. घेणाऱ्यानें ती कितवी हें सांगून वाचावी. जोंवर ती चळतीवर आहे, तोंवर ती झाडली जात नाहीं. समजा, ७ व ५ यांची बेरीज हवी आहे. यजमान प्रथम बेरजेचें फंक्शन, त्यावर ७, त्यावर ५ असे तीन थर ठेवितो आणि हांक देतो. तीनही थर नाहींसे होतात व त्यांच्या जागीं १२ हा एकच थर उरतो. आमच्या मतें या सबंध विषयांत याहून सुंदर युक्ति नाहीं.

आतां स्क्रिप्टचा मजकूर कोठें ठेवावा? तो निराळ्या फाइलींत ठेविला, तर ती फाइल हरवते, कोणी बदलते, किंवा लायब्ररी एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतांना मागें राहते. यावर उपाय म्हणून तो मजकूरच अंकांच्या रांगेच्या रूपानें सी भाषेंत उतरवितात व लायब्ररीबरोबर कंपाइल करितात. इंग्रजी लहान ‘ए’ अक्षराचा अंक ९७. आपला ‘क’ मात्र यूटीएफ-८ या पद्धतींत २२४, १६४, १४९ असे तीन अंक व्यापतो. रांगेची लांबी बरोबर सांगावी लागते, नाहीं तर दुभाषी मजकुराच्या पलीकडचेंही वाचूं लागेल. पूर्वीं अंकांची ही रांग तयार करण्यास वेगळें साधन लागे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या नव्या प्रमाणकांत संबंध फाइल थेट आंत घेण्याची ‘एम्बेड’ ही सूचना आली आहे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. पोटांत ठेविलेली गोष्ट गुप्त असते असें कित्येकांस वाटतें व ते स्क्रिप्टमध्यें पासवर्डही लिहून मोकळे होतात. लायब्ररीच्या फाइलींतील अक्षरें बाहेर काढून दाखविणारीं साधनें कोणासही फुकट मिळतात. तेव्हां ही तिजोरी नव्हे, कांचेची बरणी आहे. स्क्रिप्ट आधींच बाइटकोडांत रूपांतरित करून ठेविली तर ती लवकर उघडते हें खरें, परंतु तेंही उलगडतां येतें. शिवाय लुआचें बाइटकोड भाषेच्या आवृत्तीशीं बांधलेलें असतें, आणि मुद्दाम बिघडविलेलें बाइटकोड दुभाष्यास कोसळवूं शकतें. वापरणाऱ्यानें टंकलिहिलेला मजकूर जसाच्या तसा स्क्रिप्टमध्यें चिकटविणें तर त्याहून वाईट. कारण मग तो मजकूर माहिती न राहतां आज्ञा होऊन बसतो. तो मजकूर बेरजेंतील ७ व ५ यांप्रमाणें चळतीवरूनच द्यावा.

तुमच्या पायथनच्या पोटांतही अशी पाटी आहे. दुसरी फाइल आंत घेण्याची जी ‘इम्पोर्ट’ आज्ञा, तिची मुख्य यंत्रणा २०१२ च्या ३.३ या आवृत्तीपासून स्वतः पायथनमध्येंच लिहिलेली आहे. मग ती यंत्रणा कोण इम्पोर्ट करणार? किल्ली पेटींत आणि पेटीस कुलूप, असा हा प्रसंग! म्हणून तिचें बाइटकोड अंकांच्या रांगेच्या रूपानें दुभाष्याच्या पोटांतच कंपाइल केलें आहे. या क्रियेस ‘फ्रोझन’, म्हणजे गोठविलेलें, असें नांव आहे. २०२२ च्या ३.११ या आवृत्तींत आणखी कांहीं मॉड्यूल असेच गोठविण्यांत आले, व त्यामुळें पायथन सुरू होण्यास लागणारा वेळ कमी झाला.

परंतु गोठविलेली ओळ तुम्हांस दुरुस्त करावयाची असेल तर ती मूळ मजकुरांत बदलून दुभाषी पुन्हां घडवावा लागतो, आणि तें काम घडविणाऱ्याचें. वापरणाऱ्याच्या हातीं तें राहत नाहीं. म्हणून ज्यावांचून लायब्ररी उभीच राहणार नाहीं, तेवढेंच आंत ठेवावें. पेट्रोब्रासच्या इंजिनिअरांच्या तक्त्यांसारखें जें वापरणाऱ्यास वरचेवर बदलावें लागतें, तें बाहेर, त्याच्या हातास येईल असें असावें. सगळेंच आंत कोंबण्याचा मोह हुशार मुलांस अधिक होतो, असें आम्हांस वाटतें.

प्रयोगशाळेंत एखादे दिवशीं तुमचा पायथनचा प्रोग्राम अडेल आणि चुकांच्या यादींत टोंकदार कंसांमध्यें ‘फ्रोझन’ हा शब्द दिसेल. ती ओळ तुमच्या फोल्डरांत शोधूं नका. तीच यादी पुढें वाचीत जा. तुमच्या स्वतःच्या फाइलीचें नांव व ओळीचा क्रमांक बहुधा तेथेंच सांपडेल.