आठशेचा आकडा

पुतण्याच्या लग्नात माझं वजन ७१ किलो होतं. नऊ आठवड्यांपूर्वी ते ८२ होतं. मांडवात भेटणारी प्रत्येक जण हात धरून विचारत होती, "अगं, काय केलंस तरी काय?" आणि मी मोबाइल काढून एक तक्ता दाखवत होते. ओळखीतल्या एकीने मला पाठवलेला तो तक्ता त्या दिवशी मी दहा-बारा जणींना तरी पुढे पाठवला. हे लिहायला बसले आहे ते आधी त्या दहा-बारा जणींसाठी.

पंगतीत मसालेभात होता, वर तुपाची धार, जिलेबी, मठ्ठा. दोन महिन्यांनी पोटभर जेवले. रात्री एकच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कळ आली आणि थेट पाठीत, खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. बसवेना, निजवेना, भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. उलटी झाली. सगळं घर जागं झालं. जाऊबाई म्हणाल्या, "पित्त झालंय, दिवसभर उपाशी असतेस ना." सासूबाईंनी कोकमाचं सरबत केलं. दोन-तीन तासांनी कळ आपोआप थांबली आणि सगळ्यांना वाटलं, सरबताचा गुण आला.

आपल्या घरात पित्त हा एक शब्द किती दुखण्यांवर पांघरूण घालतो! छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखलं, पित्त. पुढच्या पाच आठवड्यांत तशी कळ आणखी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी आम्लपित्ताची गोळी घेऊन गप्प पडून राहिले. तिसऱ्या कळेनंतर मात्र यजमानांनी ऐकलं नाही. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते, एक-दोन नव्हे, बरेच.

सर्जननी पहिला प्रश्न विचारला तो हा : "ताई, गेल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलंय का?" मी अभिमानाने आकडा सांगितला. त्यांनी कागदावर पित्ताशयाची पिशवी काढून दाखवली. अंगावरची चरबी घाईने वितळायला लागली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात थोडी तरी चरबी आली की पित्ताशय आकुंचन पावतं आणि रिकामं होतं. माझ्या ताटात तेल-तूप जवळजवळ नव्हतंच. म्हणजे पित्त घट्ट होत होतं आणि तिथेच साचून राहत होतं. लग्नातल्या जेवणाने ती पिशवी जोरात आवळली गेली, तेव्हा आतले खडे बोलले. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "चाळिशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या बायकांना खडे एरवीही होतात. तुमचे फक्त या डाएटमुळेच झाले असं मी म्हणणार नाही. पण आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की धोका वाढतो, आणि पहिले काही आठवडे तुमचं तसंच चाललं होतं." दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय काढावं लागलं.

आता त्या तक्त्याबद्दल. सकाळी लिंबू-मध-पाणी, नऊला वाटीभर पपई, दुपारी एक फुलका आणि उकडलेली भाजी, संध्याकाळी ताक, रात्री सूप. खाली दुहेरी रेघ ओढून बेरीज : ८०० कॅलरी. मी पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. समोरच्याचं खातं न बघता कोणी मला रक्कम सांगितली तर मी ती देणार नाही. आणि इथे माझी उंची, वय, वजन, चालू असलेल्या गोळ्या यांतलं काहीही न विचारता आलेला आकडा मी नऊ आठवडे पाळला. माझी चूक ही आहे. कमी खाल्लं ही नंतरची गोष्ट.

शरीर सांगत नव्हतं असं नाही. एप्रिलच्या उन्हात, आमच्या सांगलीच्या, मी शेजारच्या टेबलावरच्याला पंखा बंद करायला सांगत होते, कारण हात गार पडत होते. संध्याकाळी कॅश टॅली होईना. एकदा शंभराच्या दोन बंडलांत घोळ झाला. रात्री झोप येत नसे तेव्हा मी रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायची, एकामागून एक. केस मात्र डाएट संपल्यावर, जूनमध्ये गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज मुठीएवढा पुंजका. मी शाम्पू बदलला. नंतर कळलं की उपासमारीचा धक्का केसांवर दोन-तीन महिन्यांनी दिसतो, त्यामुळे खरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता. युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे शोधायचं होतं. सहा महिने त्या तरुणांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. त्यांना थंडी वाजायची, कशात लक्ष लागायचं नाही, चिडचिड व्हायची, केस गळायचे, आणि त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. हे एका पुस्तकात वाचलं त्या दिवशी मी ते मिटून ठेवलं. ती उंचीपुरी मुलं होती, त्यांचा खर्च मोठा होता, हे खरं. पण त्यांना मिळत होतं त्याच्या निम्म्यावर मी होते, आणि त्यात नोकरी, स्वयंपाक आणि रोज तासभर चालणं.

शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांत वजन ८४ वर गेलं. सुरुवात केली होती त्याहून दोन किलो जास्त. उतरलेल्या अकरा किलोंत पाणी होतं, चरबी होती आणि स्नायूही होते. पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले म्हणून मी हरखले होते, त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की तेही जातं आणि नीट जेवायला लागलं की परत येतं. पण गेलेले स्नायू तसे परत येत नाहीत.

मग एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तक्ता दिला नाही. माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आधी तुमचा खर्च काढू." त्यासाठी मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांचं १९९० सालचं सूत्र वापरतात. वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले ५. बायकांसाठी त्यातून १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. माझं वजन ८४, उंची १५६, वय ४७. उत्तर आलं १,४१९. म्हणजे दिवसभर नुसतं अंथरुणावर पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड चालवायला एवढं लागणार. बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणायचं, आठवड्यात एक ते तीन दिवस हलका व्यायाम असेल तर १.३७५ ने. मी बैठी. खर्च आला सुमारे १,७००.

त्यातून त्यांनी ३०० वजा केले. १,४००. मी म्हटलं, एवढंच? त्या म्हणाल्या, "किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोजचे तीनशे म्हणजे पंचवीस-सव्वीस दिवसांना एक किलो. पाचशे वजा केले तर पंधरा दिवसांना एक. पण पाचशे वजा करायला तुमच्याकडे जागा नाही." हे वाक्य प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. सगळीकडे सांगितलं जाणारं "पाचशे कमी करा" हे उंच, वजनदार, कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला परवडतं. पाच फूट उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला ते परवडेलच असं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १,२०० च्या आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली जाऊ नये, असं साधारण मानतात. हा तळ आहे. तिथे जाऊन राहायचं नसतं. आठशे किंवा त्याहून कमीचा आहार हा वैद्यकीय उपचार आहे, तो तपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचा असतो.

सूत्र म्हणजे अंदाज. दोघींची उंची-वजन सारखी असली तरी खर्चात शंभर-दोनशेचा फरक पडू शकतो. म्हणून चार आठवडे तो आकडा पाळायचा, आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी वजन करायचं आणि मग कल बघायचा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर आकडा बरोबर आहे. सलग किलोच्या वर उतरत असेल तर आनंद मानू नका, जेवण वाढवा.

खरं काम स्वयंपाकघरात झालं. साडेतीनशे रुपयांचा छोटा वजनकाटा आणला आणि पहिल्यांदा पोळीची कणीक तोलली. आमच्या घडीच्या पोळीत ३५ ग्रॅम पीठ जातं, वर चमचाभर तेल. म्हणजे १६० कॅलरी. मग भाकरी तोलली. "भाकरी खा, वजन उतरतं" असं सगळे सांगतात, पण आमच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ निघालं, म्हणजे २४० च्या आसपास. भाकरी चांगलीच आहे, तेल नाही, पोट भरतं, मी रोज खाते. पण एक पोळी आणि एक भाकरी बरोबरीची नाही, हे काट्याने सांगितलं. चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली बशी, दाण्याचं कूट आणि तूप धरून, सहाशेच्या पुढे गेली. दोन चमचे साखरेचा दुधाळ चहा चार वेळा, म्हणजे तीनशेच्या घरात.

सगळ्यात मोठा शोध तेलाच्या डब्यात लागला. आम्ही घरात चौघं. पाच लिटरचा डबा महिनाभर पुरायचा. हिशोब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी, फक्त तेलाच्या. आता डब्यावर आणल्याची तारीख लिहिते, आणि तीन लिटर महिनाभर पुरवायचे असं ठरवलं. फोडणी पळीने नाही, चमच्याने घालायची. एवढ्याने प्रत्येकाच्या खात्यातून रोज सुमारे १३५ कॅलरी कमी झाल्या, कोणाचीही पोळी न काढता. तुम्हाला कॅलरी मोजायचा कंटाळा असेल तर एवढं एक करा : तेलाच्या डब्यावर तारीख घाला.

मोजल्याशिवाय अंदाज चुकतोच, हुशार माणसाचाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात, "कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या लोकांचं खरं खाणं तपासलं गेलं. त्यांनी सांगितलेला आकडा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. ते खोटं बोलत नव्हते. पळीतलं तेल कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

चौदाशेत जेवण बसवताना त्या बाईंनी एक गोष्ट काटेकोर धरली, ती प्रथिनं. कमी खाण्याच्या काळात ती कमी पडली तर शरीर स्नायू मोडतं. माझ्यासाठी रोज साठ ग्रॅमच्या आसपास ठरलं. सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, दोन्ही वेळा दही, रात्री घट्ट वरण. तूप बंद केलं नाही, वरणभातावर एक चमचा असतोच. मी ते आनंदाने खाते.

पहिल्या सहा महिन्यांत सात किलो उतरले. मग थांबलं. आधीच्या वेळी मी अशा थांबण्याला घाबरून रात्रीचं जेवण सोडलं असतं. या वेळी कागद पुन्हा काढला. वजन ७७ झालं होतं, खर्च आपोआप १,६०० च्या आसपास आला होता, तीनशेचं अंतर दोनशेवर आलं होतं. जेवण आणखी कापायचं नाही असं ठरलं. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी चालत यायला लागले, चाळीस मिनिटं. पुढचे चार किलो उतरायला सात महिने लागले. आज ७३ आहे. पंखा चालू असतो, आणि कॅश टॅली होते.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी तर एक घासही स्वतःच्या मनाने कमी करू नये. औषध तेवढंच आणि जेवण कमी, असं झालं की रक्तातली साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना वजन उतरताना उठल्या-उठल्या चक्कर येऊ शकते, मात्रा तपासून घ्यावी लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा विचारच करू नये. वाढीच्या वयातल्या मुला-मुलींना आकडा देऊ नका, आणि खाण्यावरून मनाचा झगडा ज्यांना कधी झाला आहे त्यांनाही नको.

लग्नात ज्यांना तो तक्ता पाठवला होता, त्यांच्यापैकी प्रत्येकीला मी नंतर फोन केला. दोघी अजून तो पाळत होत्या. आता मला लोक चौदाशेचा आकडा मागतात. तो मी कोणाला देत नाही, कारण तो ८४ किलोच्या, १५६ सेंटीमीटरच्या, ४७ वर्षांच्या एका बाईचा होता. आपलं वजन, उंची, वय आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. आणि उजव्या बरगडीखालून पाठीत जाणारी कळ आली, तर ती पित्त म्हणून अंगावर काढू नका.