मेडिकलवर लस मिळते, पण टोचायला दवाखानाच

वाणगावात मेडिकलवर लस घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्हीच टोचा ना, परत डॉक्टरकडे कशाला?" इंग्लंडमध्ये 2015 पासून औषध दुकानातले फार्मासिस्ट सरकारी खर्चाने फ्लूची लस टोचतात. आपल्याकडे त्यांचं काम चिठ्ठी बघून औषध देण्यापर्यंतच आहे. प्रशिक्षण देऊन त्यांनाही ही मुभा मिळावी असं मला मनापासून वाटतं, कारण पाड्यावरच्या माणसाला डॉक्टरच्या आधी मेडिकलवालाच भेटतो. पण तोवर ओळखीवर दंड पुढे करू नका. लसीची रिअॅक्शन क्वचितच येते, पण आली तर मिनिटांत उपचार लागतात, आणि काउंटरवर ते मिळत नाहीत.

खिशात हात घालण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा. वाणगाव आणि तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, कासा आणि डहाणूला उपजिल्हा रुग्णालय. कुत्रा चावल्यावरची आणि धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यात फुकट असते. कुत्रा चावला की आधी पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी पहिली सुई घ्या. कातडीत टोचायच्या पद्धतीत त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावं लागतं. मिरचीच्या वाडीत रोजावर जाणाऱ्याचे हे चार खाडे होतात. लस फुकट असली तरी हा खर्च आहेच, तो धरून चाला, पण सुई चुकवू नका. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. ते आहे का, हे पहिल्याच फेरीत विचारा. बाहेर हीच लस साधारण साडेतीनशे-चारशेला एक, आणि दंडात घ्यायच्या पाच.

बाकीच्या लसी मोठ्यांना बहुधा विकतच घ्याव्या लागतात. फ्लूची दीड-दोन हजारांच्या घरात, दरवर्षी एक. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची देशी 'सर्व्हावॅक' 2023 मध्ये आली तेव्हा डोसमागे 2,000 रुपये किंमत होती. पंधरा वर्षांपुढे तीन डोस लागतात. पन्नाशीनंतरची नागिणीची लस सगळ्यांत महाग, एकेक डोस दहा हजारांच्या आसपास, आणि डोस दोन. छापील किमतीवर एक रुपयाही जास्त देऊ नका. टोचायचे पैसे वेगळे. आकडा आधीच विचारून ठेवा. कोविडच्या वेळी, 2021 मध्ये, सरकारने खासगी रुग्णालयांना डोसमागे 150 रुपयांची मर्यादा घातली होती. अंदाजाला तो आकडा धरा.

आता सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट: कोमट झालेली कुपी. लसीला सतत 2 ते 8 अंश लागतात. दुकानात फ्रिज उघडला की आत थर्मामीटर दिसतो का बघा. वीज जाते तेव्हा काय करता, हे बिनधास्त विचारा. बोईसर किंवा डहाणूहून लोकलने लस आणायची तर झाकणाचा थर्मास आणि बर्फाची पाकिटं न्या. मात्र कुपी कागदात गुंडाळा, बर्फाला चिकटू देऊ नका. धनुर्वाताची किंवा काविळीची लस गोठली की निकामी होते, आणि नुसती बघून ते ओळखू येत नाही. म्हणून आधी डॉक्टरची वेळ घ्या, मग लस उचला, आणि घरच्या फ्रिजच्या दारात ठेवायची वेळच येऊ देऊ नका.

बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. टोचणाऱ्याकडून तारीख आणि पुढच्या डोसचा दिवस त्याच बिलामागे लिहून घ्या, आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.