लॅपटॉपमधील अंगभूत ग्राफिक्स आणि नवी ऑपरेटिंग सिस्टिम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें बंद केली. तेव्हांपासून ज्या घरांत आठ-नऊ वर्षांपूर्वीं घेतलेला लॅपटॉप आहे, तेथें एक प्रश्न पुनःपुन्हां निघतो : “यांत निराळें ग्राफिक्स कार्ड नाहीं; मग नवी सिस्टिम यास पेलेल काय ?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर चुकलें तर चांगलें यंत्र भंगारांत जातें, किंवा पदरचे पैसे खर्चून नको तें यंत्र घरीं येतें. म्हणून हा प्रश्न नीट उलगडून पाहणें विद्यार्थी व पालक या उभयतांस हितावह आहे.

प्रथम अंगभूत ग्राफिक्स म्हणजे काय, तें पाहूं. पडद्यावर दिसणारें प्रत्येक चित्र असंख्य ठिपक्यांचें बनलेलें असतें. ते ठिपके रंगविण्याचें काम यंत्राच्या ज्या भागाकडे असतें, त्यास ग्राफिक्स म्हणतात. कांहीं संगणकांत या कामासाठीं स्वतंत्र कार्ड असतें व त्या कार्डास स्वतःची मेमरी असते. सामान्य लॅपटॉपांत हा भाग पूर्वीं प्रोसेसरच्या शेजारच्या चिपवर असे. हल्लीं तो बहुधा प्रोसेसरबरोबर एकाच चिपवर असतो. त्यास स्वतःची निराळी मेमरी नसते. यंत्राच्या सामाईक मेमरींतून तो आपला वांटा घेतो. एकाच विहिरीवर दोन घरांनीं पाणी भरावें, तसा हा प्रकार आहे.

हें पाणी दोघांस पुरतें काय, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. पडदा १९२० × १०८० ठिपक्यांचा असल्यास एकूण ठिपके २०,७३,६०० होतात. प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट लागतात. म्हणजे एका चित्रास सुमारें ८३ लाख बाइट झाले. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं, तर सुमारें ५० कोटि बाइट हलवावे लागतात. डीडीआर४-२१३३ जातीची मेमरीची एक पट्टी सेकंदास जास्तींत जास्त सुमारें १,७०० कोटि बाइट देऊं शकते. अर्थात् नुसता पडदा दाखविण्यास तिचा चौतिसावा हिस्सा पुरतो. खिडक्या एकीवर एक रचणें, त्यांच्या सावल्या पाडणें, यांमुळें हें काम कांहीं पटींनीं वाढतें. तरीहि बरीच शक्ति शिल्लक राहते. भारी खेळांची गोष्ट वेगळी. तो येथील विषय नव्हे.

मग अडतें कोठें ? याचें उत्तर मागील इतिहासांत सांपडतें. विंडोज एक्सपीपर्यंत प्रत्येक प्रोग्राम आपली खिडकी थेट पडद्यावर रंगवीत असे. ३० जानेवारी २००७ रोजीं सर्वांसाठीं विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टानें ही रीत बदलली. ‘एअरो’ नांवाच्या तिच्या नव्या रूपांत प्रत्येक खिडकी प्रथम मेमरींत जणूं वेगळ्या कागदावर काढली जाई, आणि मग ते सर्व कागद जुळवून ग्राफिक्सकडून अखेरचें चित्र तयार होई. यासाठीं ग्राफिक्सला डायरेक्टएक्स ९ चीं कामें करतां येणें आणि त्याचा ड्रायव्हर ‘डब्ल्यूडीडीएम’ या नव्या पद्धतीचा असणें अवश्य होतें. ड्रायव्हर म्हणजे सिस्टिम आणि यंत्राचा भाग यांच्यामधील दुभाषी. कारागीर कितीहि कुशल असला, तरी दुभाष्यावांचून धन्याचा हुकूम त्यास कळत नाहीं.

इंटेलच्या ९१५ या चिपसंचांतील अंगभूत ग्राफिक्सची अवस्था नेमकी अशीच झाली. त्यास डायरेक्टएक्स ९ चीं कामें येत होतीं. पण नव्या पद्धतीचा ड्रायव्हर त्यासाठीं निघाला नाहीं. पुढील ९४५ या संचास तो मिळाला, व तेथें एअरो चालूं शकलें. तथापि २००६ सालीं ९१५ संच असलेल्या यंत्रांवरहि ‘व्हिस्टासाठीं समर्थ’ अशा अर्थाची चिठ्ठी लागली. कारण त्या चिठ्ठीपुरती नव्या ड्रायव्हरची अट मायक्रोसॉफ्टनें सोडून दिली होती. अशा यंत्रांवर व्हिस्टा चाले. पण जें नवें रूप पाहून लोक ती घेऊं इच्छीत, तें मात्र दिसत नसे. २००७ सालीं कांहीं ग्राहकांनीं अमेरिकेंतील सिॲटल येथील न्यायालयांत दावा लाविला. त्यांत पुढें आलेल्या कंपनीच्या अंतर्गत पत्रांवरून असें दिसलें कीं, तिच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें घेतलेला लॅपटॉपहि याच जातीचा निघाला होता ! सर्व ग्राहकांच्या वतीनें एकत्र दावा चालविण्याची परवानगी न्यायालयानें २००८ सालीं दिली व २००९ सालीं काढून घेतली. चिठ्ठी वाचणें आणि अट वाचणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हा धडा मात्र राहिला.

आतां विंडोज ११ कडे वळूं. ही सिस्टिम ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघाली. ग्राफिक्स डायरेक्टएक्स १२ शीं जुळणारें असावें व ड्रायव्हर डब्ल्यूडीडीएम २.० चा असावा, ही तिची अट आहे. शिवाय ४ जीबी मेमरी, ६४ जीबी सांठा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० हें सुरक्षासाधन आणि कंपनीच्या यादींतील प्रोसेसर, इतकेंहि लागतें. येथें एक उदाहरण फार बोधप्रद आहे. इंटेलच्या सातव्या पिढींतील लॅपटॉपच्या पुष्कळ प्रोसेसरांत एचडी ६२० हें ग्राफिक्स असे. २०१७ सालीं आलेल्या आठव्या पिढींत त्याच जागीं यूएचडी ६२० आलें. दोहोंची घडण जवळजवळ एकच असून दोहोंत २४ गणन-एककें आहेत. ग्राफिक्सच्या अटींत दोन्हीं बसतात. परंतु आठवी पिढी यादींत आहे, आणि सातवी, थोडे अपवाद सोडल्यास, यादीबाहेर आहे. व्हिस्टाच्या वेळीं प्रोसेसर उत्तीर्ण होऊन ग्राफिक्स अडून राहिलें. येथें ग्राफिक्स उत्तीर्ण होतें आणि प्रोसेसर अडतो!

म्हणून घरच्या यंत्राची परीक्षा पुढीलप्रमाणें घ्यावी. विंडोजचें चिन्ह असलेली कळ व आर ही कळ एकदम दाबावी. येणाऱ्या चौकटींत डी, एक्स, डी, आय, ए, जी हीं सहा इंग्रजी अक्षरें सलग लिहून एंटर दाबावें. पहिल्या पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ दिसलें म्हणून हुरळून जाऊं नये. तो आंकडा सिस्टिमचा आहे, ग्राफिक्सचा नव्हे. ‘डिस्प्ले’ या पानावर ‘ड्रायव्हर मॉडेल’ या शब्दांपुढें डब्ल्यूडीडीएम २.० किंवा त्याहून मोठा आंकडा आहे काय, तें पाहावें. बाकीच्या अटी कंपनीचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्राम तपासून देतो. मेमरी ४ जीबी असल्यास अट पुरी होते; पण तींतूनच ग्राफिक्सचाहि वांटा जात असल्यानें काम रेंगाळतें. ८ जीबी असणें बरें. आणि सोय असल्यास सारख्या दोन पट्ट्या बसवाव्या, म्हणजे एका वाटेच्या दोन वाटा होतात.

इतकें करून यंत्र यादीबाहेर निघालें, तरी तें टाकाऊ ठरत नाहीं. लिनक्स ही सिस्टिम विनामूल्य मिळते, व इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा ड्रायव्हर तिच्या गाभ्यांतच असतो. ती पेन ड्राइव्हवरून चालवून आधीं पाहतां येते; पडदा, आवाज व वायफाय ठीक चालतात असें दिसल्यावरच ती बसवावी, आणि तत्पूर्वीं आपल्या सर्व फायलींची दुसरी प्रत काढून ठेवावी.

सारांश, “पेलेल काय ?” असा मोघम प्रश्न विचारूं नये. शक्ति किती, दुभाषी आहे काय, आणि अट कोणत्या भागाची आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे. दुकानदाराच्या शब्दावर किंवा यंत्रावरील चिठ्ठीवर विसंबण्यापूर्वीं जो हीं तीन उत्तरें स्वतः पडताळून पाहील, त्याचे पैसे वांचतील, आणि चांगलें चालणारें यंत्र त्याच्या हातून उगाच टाकलें जाणार नाहीं.