मिरगाआधीची कामं आणि हॅमर ड्रिल: भिंतीला भोक पाडायच्या आधी वाचा



पाऊस तोंडावर आलाय. स्टार्टरची पेटी वर घ्यायची, पडवीला ताडपत्रीचे हूक मारायचे, कर्जत-३ च्या बियाण्याची पोती ओलीपासून लांब ठेवायला रॅक बसवायचा, ही कामं सगळ्यांचीच निघाली आहेत. म्हणून अवजार बँकेतल्या हॅमर ड्रिलला सध्या मागणी आहे. आज भाताचं नाही, ड्रिलचं सांगतो. मेसेज लांब आहे, पण ड्रिल न्यायच्या आधी पूर्ण वाचा. चालवणारा घरातला दुसरा कोणी असेल तर त्याला फॉरवर्ड करा.

*आधी वीज, मग भोक*

ड्रिलवर एकात एक असे दोन चौकोन छापलेत. म्हणजे त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणूनच पिन दोनच आहेत, अर्थिंगची तिसरी नाही. पण वायर कुठे सोलली किंवा आत पाणी गेलं की हे संरक्षण संपलं. त्यामुळे नेताना पिनेपासून ड्रिलपर्यंत पूर्ण वायर हातातून फिरवून बघा. चिकटपट्टी गुंडाळलेली वायर चालवायची नाही, आम्हाला परत द्या.

घरात एमसीबी आहे म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किट सांभाळतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळत नाही, तो फार थोडा असतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. असेल तर काम सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. ड्रिल चार दिवसांचं काम आहे, हे बारा महिने उपयोगी पडेल.

सॉकेटमध्ये पिन बसत नाही म्हणून उघड्या तारा खुपसून वर काडी मारायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ड्रिलला तर अजिबात नको. ड्रिल ओढलं जातं, धक्के बसतात, तार निसटते आणि ती नेमकी ओल्या जमिनीवर पडते. एक्स्टेन्शन बोर्ड तीन पिनचा, दीड एमएमच्या वायरचा घ्या आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. पायात कोरडी रबरी चप्पल नको, बूट हवेत. मे महिन्यात अंग घामानं भिजलेलं असतं, अशा अंगाला शॉक जास्त जोरात बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम चालू असताना लाइट गेली तर? ड्रिलच्या मुठीजवळ एक छोटं लॉक बटण आहे. ते दाबलं की बोट काढलं तरी ड्रिल फिरत राहतं. लॉक दाबलेलं आहे, लाइट गेली, तुम्ही ड्रिल खाली ठेवून पाणी प्यायला गेलात, तेवढ्यात लाइट आली, की ड्रिल जमिनीवर आपोआप सुरू होतं. शेजारी लहान मूल असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून लॉक वापरूच नका, आणि लाइट गेली की पहिलं काम पिन काढायचं. बीट बदलतानाही पिन काढूनच. चकची चावी चकमध्ये विसरून ड्रिल सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते.

*विहिरीवरच्या स्टार्टरबद्दल*

पाताळगंगेच्या बाजूला ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनी पेटी वर घ्यावी हे बरोबर. पण थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. पेटी सोडवणं, वायरी जोडणं हे वायरमनचंच काम. आपण फार तर भोकं पाडायची, तीही मेन बंद करून.

मग ड्रिलला वीज कुठून आणायची? स्टार्टरमधून एक फेज काढून ड्रिल लावू नका. घर जवळ असेल तर तिथून चांगली एक्स्टेन्शन घ्या. लांब असेल तर माझं मत असं की ड्रिलचा नादच सोडा. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि पेटी त्यावर बसवा. भिंत ओली राहते, अँगल तरी रंगवता येतो.

*भिंत कशाची आहे?*

परवा एका काकांचा फोन आला, अर्धा तास झाला, भोक पडत नाही, बीट तापून निळं पडलं. विचारलं तर हॅमरचं बटण बंद आणि ड्रिल उलटं फिरत होतं. ड्रिलच्या वर दोन खुणा आहेत, एक हातोड्याची, एक नुसत्या बीटची. विटेला आणि काँक्रीटला हातोडा. लाकूड, लोखंड, टाइल याला साधं फिरणं. टाइलवर हातोडा लावला की तडा गेलाच समजा. टाइल पार झाली, खाली वीट लागली, की मग हातोडा. सुलट-उलट बटण ड्रिल पूर्ण थांबल्यावरच बदला.

सिमेंटच्या भिंतीला टोकावर कार्बाइडची चपटी टिकली असलेलंच बीट लागतं. लोखंडाचं बीट तिथं लावलं तर एका भोकात वाया जातं. नव्या पांढऱ्या सिपोरेक्स ब्लॉकला हातोड्याची गरज नाही, ते ठिसूळ असतात, प्लगही त्यांचे वेगळे मिळतात. आणि कारवीच्या कुडाला प्लग धरतच नाही. तिथं लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू मारा.

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, आत वायर असते. शंका असेल तर त्या खोलीची लाइन बंद करून दुसऱ्या खोलीतून ड्रिल चालवा. बीममध्ये भोक नको.

*चालवताना*

गळ्यातला गमछा, ओढणी, पदर, हातातला सैल दोरा आवरून घ्या. सुती हातमोजेही नकोत, फिरत्या बीटमध्ये अडकले तर बोटासकट ओढतात. डोळ्याला फवारणीचा गॉगल चालेल. नाकाला मात्र रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. काँक्रीटच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसातून परत निघत नाही.

प्लग ८ एमएमचा तर बीट ८ चं. प्लगच्या लांबीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त मोजून बीटला चिकटपट्टी लावा, तिथपर्यंत आलं की थांबायचं. सुरुवात हळू, खूण पक्की झाली की पूर्ण वेग. बाजूची मूठ लावल्याशिवाय ड्रिल उचलायचं नाही. काँक्रीटमध्ये बीट सळईला अडकलं की बीट थांबतं आणि ड्रिलच गर्रकन फिरतं, एका हातात असेल तर मनगट मुरगळतं. सळई लागली की जोर करू नका, एक-दोन इंच सरकून दुसरं भोक घ्या.

दाब लागतो, पण अंग टाकायची वेळ आली तर बीट बोथट झालंय. दर काही सेकंदांनी फिरतं बीट मागे घ्या, म्हणजे भुकटी बाहेर येते. तापलेल्या बीटवर पाणी ओतू नका, टिकली निघते. भोकातली धूळ तोंडानं फुंकली तर सरळ डोळ्यात येते, सायकलचा पंप वापरा. धूळ राहिली तर प्लग ढिला बसतो आणि भरलेला रॅक पोत्यांसकट खाली येतो.

शिडीवर चढून ड्रिल नको, दोन्ही हात ड्रिलला लागतात. चार पायांची घोडी घ्या, खाली एक माणूस मेनजवळ उभा राहू दे. कुणाला शॉक लागलाच तर त्या माणसानं आधी मेन बंद करायची, हात लावून ओढायचं नाही. मेन लांब असेल तर कोरड्या बांबूनं वायर बाजूला करा. लगेच १०८ ला फोन. माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात दाखवा.

ड्रिल सकाळी ९ नंतर मिळेल, संध्याकाळी परत. सोबत ६, ८ आणि १० एमएमची बिटं आहेत, मोजून न्या, मोजून द्या. चालवताना मुठीजवळच्या फटीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या किंवा जळका वास आला तर कार्बन संपलेत. बंद करा आणि परत देताना सांगा, पुढच्या सभासदाला तसंच देऊ नये.

— कृषी सल्लागार, लोधिवली