पाल पाळण्याआधी

मागच्या वर्षी मी एक पाल पाळली होती. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तिला ठेवले. झाकणाला खिळ्याने भोके पाडली. आत भाताची शिते व पोळीचा तुकडा टाकला. तिने कशालाच तोंड लावले नाही. चौथ्या दिवशी ती मेली. आजी म्हणाली, "बरं झालं, पीडा गेली!" मला मात्र रडू आले.

यंदा मामेभावाने मोबाइलवर ठिपक्यांची पाल दाखवली. परदेशात ती काचेच्या पेटीत पाळतात. मला पुन्हा हौस आली. पण गुरुजी म्हणाले, "आधी माहिती काढ, मग पाळ." म्हणून मी वाचनालयातली पुस्तके पाहिली आणि आठ दिवस रात्री ओसरीवरच्या दिव्याजवळची पाल बघत बसले. माहिती अशी :

१) अन्न : घरातली पाल डास, पतंग, झुरळे, कोळी खाते. तिला जिवंत, हलणारे किडे लागतात. भात-पोळी तिचे अन्नच नव्हे.

२) ऊब : पालीचे रक्त थंड असते. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच तिच्या अंगात. म्हणून आपल्या निफाडच्या कडाक्याच्या थंडीत ती फटीत दडून बसते.

३) पाय : बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस असतात. त्यांमुळे ती छतावरही चालते.

४) डोळे : तिला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळे ती जिभेने पुसते!

५) शेपटी : शत्रूने धरली तर ती शेपटी टाकून पळते. नवी येते, पण पहिल्यासारखी नसते. शेपटीत चरबीचा साठा असतो, म्हणून तिचे नुकसान होतेच.

६) विष : आपली पाल विषारी नाही. पण तिच्या विष्ठेत रोगजंतू असू शकतात. अन्न झाकून ठेवावे. पालीला हात लागला तर साबणाने धुवावा.

परदेशातल्या त्या ठिपक्यांच्या पालीला पापण्या असतात आणि ती भिंतीवर चढत नाही. तिला उबदार जागा, लपायला बीळ आणि जिवंत किडे लागतात. ती पंधरा वर्षांहून जास्त जगू शकते. मी तोपर्यंत कॉलेजही संपवीन! तेव्हा तिला किडे कोण देणार?

गुरुजींनी आणखी एक सांगितले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुष्कळ रानप्राणी पकडायला बंदी आहे. घोरपडही त्यात येते.

आता माझी बरणी पुन्हा लोणच्याची झाली आहे. ओसरीवरची पाल मोकळीच आहे. एका रात्री मी मोजले, तिने अकरा किडे खाल्ले. पाल चुकचुकली की आजी अजून दचकते. मी तिला सांगते, "आजी, तो अपशकुन नाही गं, त्या एकमेकींशी बोलतात."

परवा आजीने झाडू उगारला आणि पुन्हा खाली ठेवला. पालकहो, तुम्हीही ठेवाल ना?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी